दोन चिठ्ठ्यांची निवडणूक

आमच्या घरात जिंकलेल्या निवडणुकांच्या गोष्टी फारशा कुणी सांगितल्या नाहीत. हरलेली एक मात्र इतक्या वेळा सांगितली गेली, की तिच्यातलं ऊन, रस्ते, माणसं मला माझ्याच आठवणीतली वाटतात. १९५४ सालची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या जिल्ह्यातून उभे राहिले आणि पडले. सांगणारे आमचे आबाजी, माझ्या वडिलांचे वडील. बिडी वळता वळता सांगायचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं. बोटं चालू आणि तोंडही चालू. बाबासाहेब दर वेळी हरायचे, पण आबाजींच्या आवाजात रडगाणं शोधूनही सापडायचं नाही. निकालाच्या रात्री ज्यांची झोप उडते अशांपैकी मी एक आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा उलगडून पाहिली आहे.

गोष्टीची सुरुवात बिडीपासून. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते बिडीच्या एका मोठ्या पेढीचे भागीदार होते आणि सैनिकांना बिड्या पुरवण्याचा त्या पेढीचा सरकारशी करार होता. सरकारशी असा व्यवहार असणारा माणूस कायद्यानं संसदेवर जाऊ शकत नव्हता. शिवाय राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्यानं फेटाळला होता. कारण काय, तर ठवरे जन्मानं महार असले तरी महानुभाव पंथात गेलेले, मग ते महार कसले? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला. करारामुळे जसानी अपात्र ठरले. ठवऱ्यांनी पंथ बदलला तरी त्यांच्या जातीनं त्यांना आपलं मानणं सोडलेलं नव्हतं, म्हणून त्यांचा अर्ज फेटाळणं चूक ठरलं. अख्खी निवडणूकच रद्द झाली.

आबाजींनी हा निकाल कधी वाचला नव्हता. त्यांच्या तोंडी त्याचं सार एवढंच, "बिडीनं खासदार पाडला, बाई." घरोघरी बिडी वळणाऱ्या जिल्ह्यात याचं कौतुक किती असेल! पण हसता हसता त्यांनी एक गोष्ट पक्की धरून ठेवली होती. झालेली निवडणूकसुद्धा अर्जानं, पुराव्यानं, कोर्टात उलटते, हे त्यांनी मतदार झाल्यावर दोन-अडीच वर्षांतच पाहिलं होतं.

उलटा अनुभवही जवळच होता. १९५२ च्या जानेवारीत उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी बाबासाहेबांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवलं होतं. समाजवादी पक्षाशी बाबासाहेबांची युती होती. त्या पक्षाचे अशोक मेहताही तिथेच सर्वसाधारण जागेवर पडले. सत्तर हजारांवर मतं बाद झाली होती. ती मुद्दाम बाद करायला लावली, अशी तक्रार घेऊन दोघांनी याचिका केली. ती फेटाळली गेली. बाबासाहेब राज्यसभेवर गेले. देशाची घटना ज्यानं घडवली, त्याला पहिल्याच निवडणुकीत लोकांनी घरी बसवलं, असं त्या वेळी अनेकांना वाटलं. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या जागा रिकाम्या झाल्या तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे उमेदवार होते तेच अशोक मेहता.

आता त्या चिठ्ठ्यांचं सांगते, कारण गोष्टीचा जीव त्यात आहे. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका यायच्या. आबाजी त्यांना चिठ्ठ्या म्हणत. शिक्का मारायचा नव्हता, खूण करायची नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. एक चिठ्ठी एका पेटीत, दुसरी दुसऱ्या पेटीत. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. फेडरेशनचा हत्ती, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, काँग्रेसची बैलजोडी. आबाजी आणि त्यांचे सोबती सायकलवर तेलाचे रिकामे डबे बांधून गावोगाव हिंडत. डब्यांवर कोळशानं हत्ती आणि झोपडी काढलेली. संध्याकाळी मोहल्ल्यात डबे मांडायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून कागदाचे कपटे टाकून घ्यायचे. एक इकडे, एक तिकडे. कुणी दोन्ही कपटे हत्तीत टाकले की सगळे हसत आणि पुन्हा पहिल्यापासून.

बाबासाहेबांची तब्येत तेव्हा ढासळलेली होती. आधार घेऊन चालत. तरी वैशाखाच्या तोंडावर, भंडाऱ्याच्या त्या उन्हात, ते जिल्ह्यात सभा घेत फिरले. आबाजी सभेचं वर्णन फारसं करत नसत. "लई मानूस होता," एवढंच. सभेनंतर कार्यकर्त्यांत जे बोलणं झालं, त्याकडे ते घाईनं येत.

बोलणं असं, की समाजवाद्यांचे मतदार आपली दुसरी चिठ्ठी हत्तीला देतील याचा भरवसा नाही. सवर्ण मतदार झोपडीत एक टाकेल आणि दुसरी बैलजोडीत नेऊन टाकेल. मग आपल्या लोकांनी तरी झोपडीला का द्यायची? एक चिठ्ठी हत्तीला, दुसरी कुजवायची. 'मतं कुजवणं' हा तेव्हाच्या राजकारणातला रोजचाच शब्द. बाबासाहेबांपुढे हा विचार गेला आणि त्यांनी तो साफ उडवून लावला. ज्यानं प्रत्येकाच्या हाती मत दिलं त्यानंच ते वाया घालवा म्हणून सांगायचं, हे होणार नाही; हरलो तरी चालेल. आमच्या भागातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी ही हकीकत आजही ऐकायला मिळते, शब्द थोडेफार इकडचे तिकडे होतात एवढंच. आबाजी ती आपल्या बोलीत सांगत, "कुजवाचं नाही म्हनले. पडलो त पडलो म्हनले."

आणि पडलेच. काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर साधारण आठ हजार मतांनी निवडून आले. अशोक मेहता मात्र सर्वसाधारण जागेवर जिंकले. आमच्या दुसऱ्या चिठ्ठ्या झोपडीपर्यंत पोचल्या होत्या; त्यांच्या दुसऱ्या चिठ्ठ्या हत्तीपर्यंत आल्या नाहीत, असा मोहल्ल्याचा हिशेब होता.

इथून आमच्या घरातला वाद सुरू होतो. आबाजींचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे आबाजी म्हणायचो, त्यांना ही गोष्ट जन्मभर पचली नाही. "तवाच कुजवाले पाह्यजे होते," हे त्यांचं पालुपद. "आपून इमानदारी करून रायलो, अन् थे दिल्लीले गेले." आबाजी शांतपणे बिडीचं तोंड दुमडत विचारायचे, "कुजवले असते त हत्तीत एक तरी चिठ्ठी वाढली असती का गा?" मोठे आबाजी गप्प. कारण उत्तर उघड होतं. दुसरी चिठ्ठी कुजवून अशोक मेहतांना पाडता आलं असतं. बाबासाहेबांच्या पेटीत त्यानं एकही मत पडलं नसतं. आठ हजारांचं अंतर जागेवरच राहिलं असतं, फक्त सोबतचाही हरला असता. थोड्या वेळानं मोठे आबाजी पुन्हा तेच म्हणायचे आणि आबाजी पुन्हा तेच विचारायचे. दोघांच्या म्हातारपणाची बरीच वर्षं यावर निघाली.

मला या वादात मोठ्या आबाजींचा रागही खरा वाटतो. युतीत आपण शब्द पाळला आणि समोरच्यांच्या मतदारांनी जात पाहिली, हे दुखणं हिशेबानं जात नाही. पण राग खरा असला म्हणून त्यातून सुचलेला उपाय कामाचा ठरतो असं नाही. आबाजींचं शहाणपण इथे होतं. ते रागावर बोट ठेवत नसत, बेरीज करून दाखवत.

निकालानंतर काय केलं, असं मी विचारलं की उत्तर यायचं, "पानं तोडाले गेलो." मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. कोवळं पान फार दिवस मिळत नाही, पावसाच्या आधी तोडून, पुडे बांधून, वाळवून द्यावं लागतं. वर्षातला हाच काय तो रोख पैशाचा महिना. सगळा मोहल्ला पहाटे जंगलात. पुडे बांधता बांधता लोक निवडणुकीवरच बोलत होते, पण हात चालू होते. दुःखाला बसायला वेळ मिळाला नाही याबद्दल आबाजींना कधी वाईट वाटलं नाही. उलट ते म्हणत की घरी बसलेली माणसंच जास्त दिवस रडली.

हंगाम संपल्यावर त्यांनी सोबत्यांना घेऊन घरोघरी जाऊन विचारलं. मतदानाला कोण गेलं नाही? का गेलं नाही? कुणाचं नावच यादीत नव्हतं, कुणी पानं तोडायला लांब गेलं होतं, कुणाला मालकानं सोडलं नाही, कुणी दोन चिठ्ठ्यांत गोंधळलं. हे सगळं एका वहीत उतरलं. बाहेरच्यांनी काय दगा दिला याची वही त्यांनी ठेवली नाही. ते आपल्या हातातलं नव्हतं.

यादीत नाव नसलेल्यांत बायका पुष्कळ. पहिल्या निवडणुकीच्या वेळी आपलं नाव परक्याला सांगायचं नाही म्हणून 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगणाऱ्या बायका देशभर होत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. उत्तरेकडच्या राज्यांबरोबर मध्य प्रदेशातही हे घडलं आणि आमचा जिल्हा तेव्हा त्यातच. माझी आजी त्या गळलेल्यांतली. बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात उभे राहिले आणि आपल्याला मत देता आलं नाही, याचं तिला त्यांच्या पराभवापेक्षा मोठं दुःख होतं. पुढच्या वेळी यादीवाला आला तेव्हा ती स्वतः ओट्यावर येऊन आपलं नाव, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं एका दमात बोलली. सासूनं तोंडावर पदर घेतला. आजीला विचारलं, की तुझ्या आयुष्यातली निवडणूक कोणती, तर ती हा ओट्यावरचा दिवस सांगायची. कोण निवडून आलं ते तिला आठवायचं नाही.

मोठी झाल्यावर मी बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या तारखा निवडणुकांच्या तारखांशेजारी ठेवून पाहिल्या. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबईतून घटना समितीवर जाण्याची वाट बंद झाली आणि बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीनं, ते निवडून गेले. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे पक्ष आपटत होता तेव्हा वर्ग, फळे आणि प्राध्यापक यांची जुळवाजुळव चालू होती. १९५२ ला मुंबईत हरले तेव्हा औरंगाबादचं महाविद्यालय उभं राहत होतं. भंडाऱ्यात १९५४ च्या मेमध्ये पडले आणि डिसेंबरात देहू रोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा.

हे पराभव त्यांना लागले नाहीत असं नव्हे. लागलेच. पण त्यांच्याकडे कायम असं एखादं काम होतं, ज्याची तारीख निवडणूक आयोग ठरवत नव्हता. कॉलेजच्या प्रवेशाला निकालाची वाट पाहावी लागत नाही. मूर्ती बसवायला बहुमत लागत नाही.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. १९५६ च्या दसऱ्याला आमच्या मोहल्ल्यातली माणसं पांढरे कपडे करून निघाली, बरीचशी पायी. कोण येणार, कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोणाकडे भाड्याला पैसे नाहीत, हे ठरवायला आबाजींची तीच निवडणुकीची वही उपयोगी पडली. निवडणूक हरलेली संघटना दीक्षेला कामी आली. आणि त्याची मोजणी पाच वर्षांनी छापून आली. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१ च्या जनगणनेत ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. भंडाऱ्यातलं आठ हजारांचं अंतर या आकड्यापुढे केवढंसं!

याची किंमत मात्र मतपेटीतच मोजावी लागली. महानुभाव झालेला महार महारच राहतो, असं न्यायालयानं ठवऱ्यांच्या प्रकरणात म्हटलं होतं. बौद्ध झालेल्यांना तो आधार नव्हता, कारण तेव्हाच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंना आणि शिखांनाच मिळे. ज्या राखीव जागेसाठी सायकलवर डबे बांधून हिंडले, तिथे बौद्ध म्हणून उभं राहण्याचा हक्कच या लोकांनी सोडून दिला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या सवलती मिळाल्या. केंद्रानं अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश केला तो १९९० मध्ये. चौतीस वर्षं. आबाजींना मी विचारलं होतं, की हे ठाऊक होतं का तुम्हाला? ते म्हणाले, "ठाऊक होतं. खुर्ची सोडली, पाट सोडला नाही."

पुढचं सगळं गोड झालं असं सांगणं खोटं होईल. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले, पण विदर्भात समितीची डाळ शिजली नाही. भंडाऱ्यात पुन्हा काँग्रेसच आली. बाबासाहेबांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे पडू लागले. दादासाहेबांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसं तुरुंगात गेली. आबाजींनी आयुष्यात बहुतेक वेळा हरणाऱ्यालाच मत दिलं. तरी मतदानाच्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून सकाळी सकाळी रांगेत.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले. आता प्रत्येकाच्या हाती एकच मत आहे, दुसरी चिठ्ठी नाही. तरी ती कुजवण्याची हौस गेलेली नाही, असं मला निकालांनंतरच्या आमच्या गप्पा ऐकून वाटतं. आपला उमेदवार पडला की संध्याकाळपर्यंत ठरलेलं असतं, की लोक विकले गेले, लोक मूर्ख आहेत, आता काही उरलं नाही. पहिल्या दोन वाक्यांनी आपण शेजाऱ्याचं मत रद्दीत काढतो, तिसऱ्यानं आपलं. आणि आबाजींचा हिशेब इथेही लागू पडतो: त्यामुळे आपल्या पेटीत एकही मत वाढत नाही. उलट पुढच्या वेळी ज्या दारात जायचं, ते दार आपणच लावून घेतलेलं असतं.

गैरप्रकार होतच नाहीत असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पैसे वाटले जातात, यादीतून नावं उडतात, यंत्राबद्दल शंका घेतल्या जातात. पण शंका असेल तर तिचीही रीत आहे. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. केंद्रनिहाय मतांचा तक्ता मिळतो, तो घेऊन बसता येतं. आबाजींच्या पिढीनं तर दोन्ही पाहिलं आहे: मुंबईची याचिका फेटाळली गेली, भंडाऱ्याची मान्य झाली, आणि त्या मान्य झालेल्या याचिकेतूनच बाबासाहेबांची निवडणूक आमच्या दारात आली. कोर्टाची पायरी चढायला पुरावा लागतो. पारावर शिवी द्यायला काही लागत नाही, म्हणून ती स्वस्त पडते.

गेल्या निकालानंतर मी आमच्या केंद्राचा तक्ता काढला. विधानसभा क्षेत्रात जे झालं त्याहून आमच्या मोहल्ल्यात वेगळं झालं होतं. काही ठिकाणी आम्ही वाढलो होतो, हे टीव्हीवरच्या रंगीत नकाशात दिसण्याची सोयच नव्हती. आणि जिथे घटलो होतो तिथली घरं माझ्या ओळखीची होती. तिथे कुणी विकलं गेलेलं नव्हतं. एका घरी घरकुलाचा हप्ता अडकला होता आणि तो सोडवायला समोरच्या पक्षाचा माणूस चार वेळा पंचायत समितीत गेला होता. आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं. त्या घरातल्या बाईंनी मला चहा पाजून हे तोंडावर सांगितलं. या हिशेबात मला राग धरायला जागा सापडेना.

सध्या मतदारयादीचं प्रारूप लागलं आहे. अठरा पूर्ण झालेली मोहल्ल्यातली काही पोरं अजून त्यात नाहीत, लग्न होऊन आलेल्या दोन सुनांची नावं माहेरच्याच यादीत आहेत. हरकतींची मुदत थोडी आहे आणि पोरांना जन्मदाखला शोधायचा कंटाळा. म्हणून या रविवारी आमच्या ओट्यावर पोरांचे सहा नंबरचे आणि सुनांचे आठ नंबरचे अर्ज भरून घ्यायचं ठरलं आहे. कोणत्या पक्षाला मत देणार, हे कुणालाच विचारायचं नाही, असंही ठरलं आहे. मोठ्या आबाजींना हे अजिबात पटलं नसतं.